काट्यांची भाषा

(मोटारगाडी चालवणाऱ्याच्या समोर काही काटे आणि काही छोटे दिवे असतात. ते गाडीची तब्येत सांगतात. हे काटे आणि दिवे कसे वाचावेत, गाडीत कोणते इंधन भरावे आणि चूक झाली तर काय करावे, हे या पाठात एका प्रवासाच्या गोष्टीतून सांगितले आहे.)

एप्रिल महिना होता. परीक्षा संपल्या होत्या. नसरीन आणि सलीम ही भावंडे मालेगावला आपल्या नानीकडे आली होती. नानीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरांनी तिला नाशिकला बोलावले होते. वेळ सकाळी अकराची होती. ती चुकली, तर पुढची तारीख एक महिन्यानंतरची मिळणार होती.

मालेगावहून नाशिक सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. युसूफमामूंची स्वतःची गाडी होती. त्या गाडीतून प्रवासी नेऊन ते आपले घर चालवत. ते म्हणाले, "आपण सकाळी सात वाजता निघू. वेळ हाताशी असलेली बरी."

ठरल्याप्रमाणे सगळे गाडीत बसले. नानी आणि नसरीन मागे बसल्या. सलीम मामूंच्या शेजारी बसला. मामूंनी किल्ली अर्धी फिरवली. त्याबरोबर समोरच्या पाटीवर लाल, पिवळे असे कितीतरी दिवे लागले.

सलीम घाबरून म्हणाला, "मामू, गाडी बिघडली! सगळे दिवे लागले!"

मामू हसले. "नाही बेटा. तुमचे गुरुजी रोज वर्गात हजेरी घेतात ना? तशी ही गाडीची हजेरी आहे. प्रत्येक दिवा 'हजर' म्हणतो. आता मी इंजिन चालू करतो. बघ काय होते ते."

इंजिन सुरू झाले आणि एकेक करून ते दिवे विझले. मामूंनी हाताचा ब्रेक सोडला, तेव्हा शेवटचा लाल दिवाही गेला.

"इंजिन सुरू झाल्यावर हे दिवे विझले पाहिजेत," मामू म्हणाले. "एखादा विझला नाही, तर त्या भागात काहीतरी दोष आहे असे समजावे. आणि एखादा हजेरीलाच लागला नाही, तरीही काळजी करावी. तो दिवाच खराब झाला असेल, तर संकटाच्या वेळी तो आपल्याला सांगणार कसा?"

नसरीनने विचारले, "मामू, काही दिवे लाल आणि काही पिवळे का असतात?"

"रस्त्यावरच्या सिग्नलसारखेच समज. चालत्या गाडीत लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागा पाहून गाडी लगेच थांबवायची. पिवळा लागला, तर गाडी जपून चालवायची आणि लवकर मिस्त्रीला दाखवायची. हिरवा किंवा निळा दिवा फक्त माहिती देतो. उदाहरणार्थ, पुढचा मोठा प्रकाश चालू आहे हे निळा दिवा सांगतो."

गाडी निघाली. सलीमचे लक्ष एका काट्याकडे गेले. त्याच्या एका टोकाला इंग्रजी 'ई' आणि दुसऱ्या टोकाला 'एफ' लिहिले होते. काटा 'ई'च्या जवळ होता.

"हा इंधनाचा काटा," मामू म्हणाले. "'ई' म्हणजे टाकी रिकामी आणि 'एफ' म्हणजे भरलेली. काटा पाव टाकीवर आला, की मी पंप शोधतो. टाकी अगदी कोरडी होऊ देऊ नये. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंधन ओढणारा पंप टाकीच्या आतच असतो. तो इंधनात बुडलेला असला, की थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी पडली, तर तो गरम होऊन लवकर खराब होतो."

"आणि पंपाच्या चित्राशेजारी हा छोटासा बाण कशाला आहे?" सलीमने विचारले.

"शाबास! पुष्कळ गाड्यांत असा बाण असतो, पण फार थोडे लोक तो पाहतात. टाकीचे झाकण गाडीच्या कोणत्या बाजूला आहे, हे तो दाखवतो. बाण डावीकडे आहे, म्हणजे झाकण डावीकडे. पंपावर गाडी कोणत्या बाजूने लावायची, ते त्यावरून कळते."

थोड्याच वेळात ते पंपावर पोचले. मामूंनी इंजिन बंद केले. एक तरुण कामगार आला. त्याने नुकतेच एका जीपमध्ये डिझेल भरले होते. घाईत त्याने तीच नळी उचलली आणि तो गाडीकडे वळला. नसरीन खाली उतरून उभी होती. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवलेली चिठ्ठी तिने वाचली. तिच्या काळजाचा ठोका चुकला.

"दादा, थांबा!" ती ओरडली. "ही पेट्रोलची गाडी आहे. तुमच्या हातात डिझेलची नळी आहे."

कामगाराने नळी पाहिली आणि जीभ चावली. "बरे झाले ताई, तुम्ही सांगितले," असे म्हणून त्याने नळी जागेवर ठेवली. मग त्याने पेट्रोलची नळी घेतली, यंत्रावरचे शून्य मामूंना दाखवले आणि पेट्रोल भरायला सुरुवात केली.

गाडी पंपाबाहेर पडल्यावर सलीम म्हणाला, "मामू, डिझेल गेले असते तर काय झाले असते? तेही तेलच आहे ना?"

"दोन्ही तेले जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलापासूनच बनतात. पण दोन इंजिनांची कामाची रीत वेगळी आहे," मामूंनी सांगितले. "पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. ते एका ठिणगीने पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते."

"मग डिझेल पेटते कसे?"

नसरीनला विज्ञानाच्या तासाला ऐकलेले आठवले. ती म्हणाली, "सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो की नाही? हवा जोराने दाबली, की ती तापते. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबतात, की ती खूप तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला, की ते आपोआप पेटते. जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याने १८९७ साली असे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्याच्याच नावावरून या तेलाला डिझेल म्हणतात."

"अगदी बरोबर," मामू म्हणाले. "पेट्रोलच्या गाडीत डिझेल गेले, तर ते ठिणगीने नीट पेटत नाही. गाडी धक्के देते, धूर सोडते आणि बंद पडते. डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेले, तर नुकसान त्याहून मोठे होते. डिझेल थोडे तेलकट असते. त्याच्या पंपाच्या भागांना तेच वंगण देते. पेट्रोलने ते वंगण धुऊन जाते आणि महागडे भाग एकमेकांवर घासून खराब होतात."

"चुकून भरलेच गेले तर?"

"तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. किल्ली फिरवायची नाही. इंजिन चालू केले नाही, तर चुकीचे तेल टाकीतच राहते. गाडी ढकलून बाजूला घ्यायची आणि मिस्त्रीला बोलावून टाकी रिकामी करून घ्यायची. थोडा खर्च होतो, पण इंजिन वाचते. चूक लपवण्यासाठी गाडी चालू करणारा माणूस स्वतःचेच नुकसान करतो."

"पंपावर 'ई-२०' अशी पाटी होती. ते काय आहे?" नसरीनने विचारले.

"शंभर भागांत वीस भाग इथेनॉल आणि ऐंशी भाग पेट्रोल असलेले ते इंधन आहे. आपल्या देशात ते २०२३ साली विकायला सुरुवात झाली. इथेनॉल उसापासून, मक्यापासून आणि तुकडा तांदळापासूनही करतात. आपल्या महाराष्ट्रातले अनेक साखर कारखाने ते बनवतात. बाहेरून आणावे लागणारे तेल त्यामुळे थोडे वाचते. मात्र एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा कमी ऊर्जा असते. म्हणून गाडी लिटरमागे थोडे कमी अंतर जाते. नव्या गाड्या या इंधनाचा विचार करून बनवलेल्या असतात. जुन्या गाडीच्या मालकाने पुस्तिका पाहावी आणि रबरी नळ्या वेळोवेळी तपासून घ्याव्यात."

"तिथे ९५ आणि १०० असे आकडेही होते. १०० म्हणजे सर्वांत चांगले पेट्रोल ना?" सलीम म्हणाला.

"पुष्कळांना असेच वाटते. तो ऑक्टेनचा आकडा आहे. पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटू नये, यासाठीची त्याची ताकद त्या आकड्याने कळते. ते वेळेआधी पेटले, तर इंजिन ठकठक आवाज करते. काही इंजिनांत मिश्रण फार जोराने दाबले जाते. त्यांना मोठा आकडा लागतो. आपल्या साध्या इंजिनाला त्याचा काही खास फायदा नाही. खिसा मात्र हलका होतो. गाडीच्या पुस्तिकेत जे इंधन सांगितले आहे, तेच तिच्यासाठी चांगले."

गाडी आता मुंबई-आग्रा महामार्गाने धावत होती. मामूंनी आणखी दोन काटे दाखवले. एक वेगाचा होता. गाडी तासाला किती किलोमीटर जाते, ते त्यावर दिसत होते. दुसरा इंजिनाच्या फेऱ्यांचा होता. त्यावर १, २, ३ असे आकडे होते.

"या आकड्यांना हजाराने गुणायचे," मामू म्हणाले. "काटा दोनवर आहे, म्हणजे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्या घेत आहे. शेवटी तांबडी पट्टी आहे. काटा तिथपर्यंत नेऊ नये. धावणाऱ्या माणसाला जशी धाप लागते, तसे इंजिनाचे होते."

राहुड घाट सुरू झाला. ऊन वाढले होते. पुढे मालाने भरलेले ट्रक हळूहळू चढत होते. सलीम आता सगळे काटे मन लावून पाहत होता. एकाएकी तो म्हणाला, "मामू, 'सी' आणि 'एच' लिहिलेला काटा मघाशी मधोमध होता. आता तो 'एच'कडे सरकला आहे."

मामूंनी पाहिले. त्यांचा चेहरा गंभीर झाला. तो तापमानाचा काटा होता. 'सी' म्हणजे थंड आणि 'एच' म्हणजे गरम. काटा हळूहळू वर जात होता. मामूंनी गाडीतील थंड हवेचे यंत्र बंद केले आणि गरम हवेचे बटण पूर्ण फिरवले. एप्रिलच्या उन्हात गाडीत गरम वारे वाहू लागले.

"मामू, हे काय करता?" नसरीन ओरडली.

"इंजिनाची उष्णता थोडी आपल्याकडे ओढून घेतो. थांबायला जागा मिळेपर्यंत तेवढाच आधार. सगळ्या काचा उघडा."

नानी म्हणाली, "युसूफ, घाट संपतच आला आहे. चल तसाच. अकरा वाजता पोचायचे आहे. डॉक्टर माझ्यासाठी थांबणार नाहीत."

मामूंनी रुंद जागा पाहून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. मग ते शांतपणे म्हणाले, "अम्मा, तुमच्या बांगड्या आठवा."

नानी एकदम गप्प झाली.

सगळे रस्त्यापासून दूर, एका झाडाच्या सावलीत बसले. तेव्हा मामूंनी मुलांना ती हकिकत सांगितली. चार वर्षांपूर्वी ते धुळ्याहून परत येत होते. रात्रीची वेळ होती. गाडीत प्रवासी होते. अचानक तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा लागला. प्रवाशांना घाई होती. "दहा किलोमीटरच राहिले आहेत. घरी गेल्यावर पाहू," असे मामूंना वाटले.

"तो इंजिन ऑइलच्या दाबाचा दिवा होता," मामू म्हणाले. "ऑइल इंजिनाच्या सगळ्या भागांत फिरते, म्हणून ते एकमेकांवर घासत नाहीत. ऑइल पोचले नाही, तर इंजिन थोड्याच वेळात जाम होते. मी चार किलोमीटरही गेलो नाही. मोठा आवाज झाला आणि इंजिन बंद पडले. तीन महिने गाडी मिस्त्रीकडे होती. कमाई बंद आणि खर्च चालू. शेवटी अम्मांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या मोडल्या, तेव्हा ही गाडी पुन्हा रस्त्यावर आली. ऑइल गळते आहे, हे मला आधीच कळले असते. सपाट जागी, इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी काढून, पुसून, पुन्हा घालून पाहायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. दोन मिनिटांचे काम. मी ते केले नव्हते."

कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने सलीम उठला. "मामू, बॉनेट उघडून पाणी घालू का?"

मामूंनी त्याचा हात धरला. "आता अजिबात नको! कुकरची शिटी काढून झाकण लगेच उघडतात का? रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते. म्हणून ते शंभर अंशांच्या वर तापले, तरी उकळत नाही. झाकण उघडले, की दाब जातो आणि उकळते पाणी कारंज्यासारखे तोंडावर उडते. कित्येकांचे चेहरे असे भाजले आहेत. इंजिन थंड होईपर्यंत वाट पाहणे हाच उपाय. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले, तर त्याला तडाही जातो."

पाऊण तास गेला. नानी हातातील घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन पाहत होती. काटे तिला नीट दिसत नव्हते. अखेर मामूंनी हात लावून पाहिले. इंजिन निवले होते. जाड कापड धरून त्यांनी झाकण हळूच सैल केले आणि मग काढले. आत पाणी फारच कमी होते. रेडिएटरच्या एका रबरी नळीची क्लिप ढिली झाली होती. तिथून थेंब थेंब पाणी गळत होते. मामूंनी क्लिप घट्ट आवळली. डिकीतील कॅनमधले पाणी हळूहळू भरले. इंजिन चालू करून काट्याकडे पाहिले. काटा वर चढला आणि मधोमध येऊन थांबला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

गाडी चांदवड, पिंपळगाव, ओझर मागे टाकत नाशिकला पोचली, तेव्हा अकराला दहा मिनिटे कमी होती. नानीची शस्त्रक्रिया त्याच दिवशी झाली. तोपर्यंत मामूंनी गाडी मिस्त्रीकडे नेली, नवी क्लिप बसवली आणि पाण्याऐवजी योग्य कूलंट भरून घेतले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नानीच्या डोळ्यावरची पट्टी काढली. काळा चष्मा लावून नानी गाडीकडे आली. "आज मी पुढे बसणार," ती म्हणाली. सलीम हसत मागे गेला.

घाट उतरताना मामूंनी सवयीने समोर पाहिले. तेवढ्यात शेजारून आवाज आला,

"युसूफ, तू रस्त्याकडे बघ. काटा मधोमध आहे. मला दिसतो."

शब्दार्थ

इंधन – जाळून शक्ती मिळवण्याची वस्तू
शस्त्रक्रिया – ऑपरेशन
वंगण – घर्षण कमी करणारा तेलकट पदार्थ
मिश्रण – दोन किंवा अधिक वस्तू एकत्र करून झालेला पदार्थ
तापमान – उष्णतेचे माप
निवणे – थंड होणे
बांगड्या मोडणे – सोन्याच्या बांगड्या सोनाराला विकणे
सुटकेचा निःश्वास टाकणे – काळजी दूर झाल्यामुळे बरे वाटणे
काळजाचा ठोका चुकणे – एकदम खूप भीती वाटणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तर लिहा.
(१) नानीला नाशिकला कशासाठी जायचे होते?
(२) इंधनाच्या काट्याजवळचा बाण काय दाखवतो?
(३) पंपावरील कामगाराने चुकून कोणती नळी उचलली?
(४) रेडिएटरमधले पाणी कोठून गळत होते?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) गाडीत चुकीचे इंधन भरले गेल्यास काय करावे?
(२) पेट्रोलचे इंजिन आणि डिझेलचे इंजिन यांत कोणता फरक आहे?
(३) गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण लगेच का उघडू नये?
(४) "तुमच्या बांगड्या आठवा" हे ऐकून नानी गप्प का झाली?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले ते लिहा.
(१) "गाडी बिघडली! सगळे दिवे लागले!"
(२) "बरे झाले ताई, तुम्ही सांगितले."
(३) "चल तसाच. अकरा वाजता पोचायचे आहे."

प्र. ४. जोड्या लावा.
'अ' गट: (१) लाल दिवा (२) पिवळा दिवा (३) 'एफ' (४) 'एच'
'ब' गट: (अ) टाकी भरलेली (आ) इंजिन गरम (इ) गाडी लगेच थांबवा (ई) लवकर मिस्त्रीला दाखवा

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
थंड, रिकामी, घट्ट, डावीकडे, नुकसान

प्र. ६. रस्ता, हवा, जमीन, खर्च, नुकसान हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे वापरतात. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या ओळखीच्या रिक्षाचालकाला किंवा मोटारचालकाला भेटा. तो रोज गाडी सुरू करण्यापूर्वी काय काय तपासतो, ते विचारून पाच वाक्यांत लिहा.